रास्नावाल्या बाई

बाईंना जाऊन दोन पावसाळे झाले, तरी त्यांच्यावरचा माझा राग गेलेला नाही. बायको म्हणते, गेलेल्या माणसावर कसला राग धरता? पण हा राग नववीतला आहे. इतकी वर्षं सांभाळलेली वस्तू अशी एका वाक्यात टाकून देता येत नाही.

वार्षिक परीक्षेत बाईंनी प्रश्न घातला होता : आंब्याच्या फांदीवर वाढणारी रास्ना आपले अन्न कसे मिळवते? पाच मार्क. आमचा बाप दरवर्षी थंडीत लोकांच्या वाड्यांत आंबे साफ करायला जायचा. मोहोर यायच्या आत झाडावर चढायचं आणि फांदीवर जे जे परकं दिसेल ते कोयत्याने उतरवायचं. त्या सगळ्याला आमच्याकडे एकच नाव, बांडगूळ. मी खाली उभा राहून ढीग करायचो. त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठीच काढलाय असं मला वाटलं. मी लिहिलं, ‘रास्ना हे बांडगूळ आहे. ती आंब्याचा रस पिते. म्हणून ती कोयत्याने मुळासकट काढून जाळावी.’

पाचपैकी शून्य. मी पेपर घेऊन शिक्षकांच्या खोलीत गेलो.

“बाई, दोन तरी द्या.”

“कशाचे?”

“एक अक्षराचा. आणि कोयत्याने काढतात हे तर खरं हाय ना? त्याचा एक.”

“त्याचंच शून्य दिलंय.”

“दीड द्या मग.”

बाकीचे गुरुजी हसले. बाई हसल्या नाहीत. “रास्ना आंब्यावर राहते, आंब्याचं खात नाही. ती जागा मागते, जेवण मागत नाही. हे तुझ्या बापालाही सांग.”

बापाचं नाव काढल्यावर माझं डोकं फिरलं. मी पेपर तिथेच टाकून निघालो. दोन मार्कांनी शास्त्रात गेलो, शाळा सुटली, आणि बोईसरला एका वखारीत लाकडं उचलायला लागलो. पुढे सरावलीच्या अलीकडे माझी स्वतःची वखार झाली. पालघरपासून तारापूरपर्यंत कुणाला उभं झाड विकायचं असलं की आधी मला फोन येतो. हे सगळं मी माझ्या हिमतीवर केलं. त्यात बाईंचा वाटा एवढाच, की त्यांनी दोन मार्क दिले नाहीत.

बाई तारापूरच्या बाजूच्या एका किनाऱ्यावरच्या गावातल्या. घरची वाडी होती, नारळ, चिकू, केळी, आणि विहिरीजवळ एक अवाढव्य रायवळ आंबा. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची गावात कुणाची छाती नव्हती. सुती साडी, त्यावर पुरुषी लांब बाह्यांचा शर्ट, डोक्याला पंचा, आणि खांद्यावर बांबूची शिडी. रिटायर झाल्यावर त्या अशाच दिसायच्या, आणि मला वाटतं आधीही त्यांना असंच दिसायचं होतं, शाळेमुळे राहून गेलं होतं.

कुठेही गेल्या तरी बाईंची मान वर, झाडांवर रास्ना शोधत. कुणाच्या लग्नाला गेल्या तर मांडवात बसायच्या नाहीत, मांडवामागच्या जांभळाखाली उभ्या. मयताला गेल्या तरी तेच. एकदा सफाळ्याला त्यांची एक जुनी सहकारी गेली. अंगणात सगळे उभे होते. बाईंनी हात जोडले, डोळे पुसले, आणि गेलेल्या बाईंच्या मुलाला हळूच विचारलं, “तुमच्या चिंचेवर ती दक्षिणेकडच्या फांदीला आहे, ती किती वर्षं आहे रे?” मुलगा रडायचा थांबला. मग म्हणाला, “आईला विचारायला पाहिजे होतं.” हे बाईंनीच मला सांगितलं, आणि सांगताना त्यांना यात काही वेगळं आहे असं वाटत नव्हतं.

रास्ना ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. दिसायला ती फार देखणी नाही. जाड, लांबट, मधोमध दुमडलेली पानं, आणि पानाचं टोक उंदराने कुरतडल्यासारखं. मुळं पेन्सिलीएवढी जाड. काही फांदीला घट्ट धरून असतात, काही खाली हवेत लोंबत असतात, म्हाताऱ्याच्या दाढीसारखी. उन्हाळ्यात फूल येतं, पिवळट तपकिरी, जाळीदार, आणि मध्ये एक निळी-जांभळी जीभ. वास मात्र इतका गोड, की झाडाखालून जाणारा माणूस दोन पावलं मागे येतो.

ती काय खाते, हे बाईंनी मला शाळा सुटल्यावर वीस वर्षांनी दाखवलं. लोंबणारं एक मूळ बोटात धरलं. चंदेरी, कोरडं. तांब्यातलं थोडं पाणी त्यावर सोडलं. बघता बघता मूळ हिरवं झालं.

“वरचा पांढरा थर दिसला ना? तो टिपकागदासारखा. दव, धुकं, पाऊस, जे हवेतून येईल ते टिपतो. आत मूळ हिरवं, पानासारखं. फांदीवरून ओघळलेली धूळ, कुजका पाला, त्यातले थोडे क्षार. बस्स. आंब्याच्या सालीच्या आत ती टाचणीएवढीही शिरत नाही. बांडगूळ शिरतं. घरात राहणारा भाडेकरू वेगळा आणि भिंत फोडून आलेला चोर वेगळा. तुम्ही दोघांनाही कोयता लावता.”

“बाई, हे तेव्हा नववीत दाखवलं असतं तर?”

“तू पेपर टाकून पळालास,” बाई म्हणाल्या.

औषधाचा भाग निराळा. रास्ना म्हणजे वातावरचं औषध, हे आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक. बंदरावरच्या मासे सुकवणाऱ्या बायकांची गुडघेदुखी जन्माची. त्या टोपली उतरवून बाईंच्या ओट्यावर बसायच्या.

“बाय, जरा मुळी दे गो. उठाया नाय होत.”

“झाडावरची नाही देणार. खाली गळून पडलीय ती घे.”

“सुकी हाय ती.”

“तू विकतेस ते बोंबील काय ओले असतात?”

बायका खो खो हसायच्या आणि सुकी मुळं पदराला बांधून न्यायच्या. उगाळून लावायची, काढा करायचा, पानं वाटून ठेचेवर बांधायची, हे सगळं बाईंना तोंडपाठ. पण बाजारात रास्ना म्हणून जे विकतात ते भलत्याच झाडाचं मूळ असतं, जुन्या वैद्यांचंही खरी रास्ना कोणती यावर एकमत नाही, हेही त्या प्रत्येकीला ऐकवायच्या. ऐकायचं कुणी नाही. आणि बाईंचे स्वतःचे गुडघे? त्यांना त्या मेडिकलमधल्या ट्यूबमधलं मलम चोळायच्या. मी एकदा पकडलं.

“बाई, घरात एवढी रास्ना, आणि हे काय?”

“तिला माझ्यासाठी कशाला तोडू?”

करवतीच्या मशीनजवळ उभं राहून माझा डावा कान अधू झाला होता. रास्नेच्या पानाचा रस कानात घालतात असं कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून मी बाईंकडे पान मागायला गेलो. बाई म्हणाल्या, “घालतात. पुस्तकातही आहे. तू पालघरला कानाच्या डॉक्टरकडे जा.”

“म्हणजे पुस्तक खोटं?”

“पुस्तक खोटं नाही. तुझा कान एकच उरलाय.”

माझा धंदा आणि बाईंचा छंद यांची गाठ पडणारच होती. झाड पडलं की फांद्यांवर जे असेल ते आम्ही पाचोळ्याबरोबर पेटवायचो. एक दिवस बाई शिडी घेऊन माझ्या कामावर हजर. पडलेल्या झाडावरून गुडघ्यांवर रांगत फिरल्या आणि रास्ना, एकेक, सालीच्या तुकड्यासकट सोडवून पिशवीत घातल्या. माणसं थांबली, मजुरी चालू. माझा पारा चढला.

“बाई, हा धंद्याचा टाइम आहे. शाळा नाही.”

“मग आधी सांगत जा, झाड कधी पाडणार ते. मी आदल्या दिवशी येईन.”

तेव्हापासून मी आदल्या दिवशी फोन करायला लागलो. कशाला करत होतो, मला सांगता येणार नाही. बाई रिक्षाने यायच्या, शिडी टपावर. सोडवलेल्या रास्ना त्या स्वतःच्या वाडीतल्या त्या मोठ्या आंब्यावर नेऊन बांधायच्या, जुन्या सुती साड्यांच्या पट्ट्यांनी. नायलॉनची दोरी चालायची नाही. सुती पट्टी वर्षभरात कुजून गळते, तोवर रास्नेने फांदी धरलेली असते. अशी पंचवीस वर्षं. पार कोळगावपासून इकडच्या खाडीपर्यंत जिथे जिथे रस्ता रुंद झाला, जिथे जिथे इमारत आली, तिथली रास्ना त्या एका आंब्यावर राहायला आली होती. वैशाखात वाडीच्या फाटकापाशीच वास यायचा.

एकदाच त्यांनी मला झाड थांबवायला सांगितलं. सरावलीकडचं एक जांभूळ होतं. त्यावरच्या रास्नेला शेंगा धरल्या होत्या, पिकत आलेल्या.

“महिनाभर थांब. शेंग तडकू दे.”

“महिना? मालकाने चाळीचं काम काढलंय. तीन दिवस.”

“पंचवीस.”

“बाई, चार. माझ्या माणसांना मी काय सांगू?”

“वीस. एका शेंगेत लाखांनी बी असतं रे, पिठाहून बारीक. वाऱ्यावर जातं. त्यातलं एखादं योग्य सालीवर पडतं, योग्य बुरशी भेटली तरच रुजतं. आणि फूल यायला सहा-सात वर्षं. तू वीस दिवस देत नाहीस?”

मी आयुष्यात पुष्कळ घासाघीस केली, पण समोरचा दिवस मागतोय आणि त्याला स्वतःला त्यातून काहीच मिळणार नाही, असा सौदा तो एकच. बारावर तुटलं. मालकाने मला शिव्या घातल्या. मी त्याला दुप्पट घातल्या. अकराव्या दिवशी शेंगा तडकल्या.

मग बाई शिडीवरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. भाचीने त्यांना पालघरला, कोळगावच्या रस्त्यावरच्या आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी नेलं. वाडी भावाच्या मुलाच्या नावावर होती. त्याला विहिरीजवळ कारखान्यातल्या कामगारांसाठी खोल्या बांधायच्या होत्या. त्याने मला फोन केला, “शेट, आंबा काढायचा हाय. परवानगीचं बघतो मी. तुमी घेता का दुसऱ्याला सांगू?”

मी म्हणालो, “घेतो.”

इथे मला कुणी बोल लावू नये. मी घेतला नसता तर दुसऱ्याच दिवशी तिथे दुसरा उभा राहिला असता, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या रास्नेचा जाळ झाला असता. त्या भाच्याकडून मी आठ दिवस मागून घेतले. त्याला वाटलं, मी भाव पाडतोय. आमचा जुना चढणारा बरक्या, वारली, त्याच्यासारखा झाडावरचा माणूस मी पाहिला नाही. तो वर, मी खाली. प्रत्येक रास्ना सालीच्या ढलपीसकट सोडवून दोराने खाली. बरक्या वरून ओरडला, “शेट, एवढी वरीस आमी याच काढून फेकल्या ना?”

“हो.”

“मंग आता काय झाला?”

“तू काप गपचूप.”

पट्ट्यांसाठी घरातल्या सुती साड्या काढल्या. बायको म्हणाली, “घ्यायच्या वेळी दुकानात अर्धा दिवस घासाघीस करता, आणि आता टराटरा फाडताय!” तरी फाडायला बसली. वखारीभोवतीची जांभळं, चिंच, दोन आंबे, सगळ्यांवर आम्ही शंभराच्या आसपास रास्ना बांधल्या. आमचा टेम्पोवाला उत्तरेकडचा. तो म्हणाला, “सेठ, पेड़ को इतनी पट्टी? किसका एक्सीडेंट हुआ?”

मी बाईंना फोन केला. भाचीने उचलला. म्हणाली, “मावशीला कळलंय, तुम्हीच झाड घेतलंत ते. ती फोनवर येत नाही म्हणते.” मी म्हटलं, त्यांना सांगा की रास्ना माझ्याकडे आहेत. ती म्हणाली, सांगितलं. त्या काय म्हणाल्या? काही नाही.

दर पंधरा दिवसांनी मी फोन करत होतो. बाई येत नव्हत्या. मला राग यायचा, मग मी फोन आपटायचो, मग पंधरा दिवस मोजायचो. ज्या माणसाने मला पंचवीस वर्षं शिडी धरायला लावली त्याने मला एवढंही ओळखू नये? मला एकदा समोर उभं राहून सांगायचं होतं की रास्ना जगल्यात. पण आधी त्या जगायला हव्या होत्या.

रास्ना मरायला लागल्या. पानं पिवळी पडली, मुळं काळी, बोटाने दाबली की मऊ. मला कळेना. मी इतकं करत होतो. सकाळ-संध्याकाळ नळीने पाणी, आणि आठवड्याला शेणाचं पाणी, पातळ करून. आमच्याकडे झाड अशक्त दिसलं की दुसरं काही सुचत नाही. पहिल्या पावसाळ्यात निम्म्या गेल्या. मग पाऊस सरल्यावर एक दिवस नळी बिघडली, चार-पाच दिवस कसलंच पाणी मिळालं नाही, आणि उरलेल्यांची मुळं पुन्हा चंदेरी झाली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शेणपाणी बंद केलं. पुढच्या उन्हाळ्यात चिंचेवरच्या तिघींना फुलं आली.

मी फोन केला नाही. ज्या फांदीवर एक चांगली धरली होती, ती तीन हात लांबीची फांदीच बरक्याकडून कापून घेतली, टेम्पोत आडवी घातली आणि पालघर गाठलं. तिसऱ्या मजल्यापर्यंत खांद्यावर. भाचीने दार उघडलं आणि बाजूला झाली.

बाई पलंगावर. शर्ट नव्हता, गाऊन होता. इतक्या लहान दिसत होत्या. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, पण मी आत आलो तशी त्यांनी मान फिरवली. वास आला असणार. मी फांदी पलंगाच्या कडेला धरली. बाईंनी हात पुढे केला, फुलाला लावला नाही, थेट मुळाला लावला. फांदीला कुठे कुठे धरलंय ते बोटांनी चाचपत राहिल्या.

“किती जगल्या?”

धंद्यात मी शंभराचे सव्वाशे सांगतो. येताना वाटेत ठरवलंही होतं, सगळ्या म्हणायचं.

“निम्म्या,” मी म्हणालो. “चूक माझी. शेणपाणी मारत होतो.”

मला वाटलं, आता ऐकवणार. मी चिडायच्या तयारीतच उभा होतो.

“पहिल्या वर्षी मी अकरा आणल्या होत्या,” बाई म्हणाल्या. “एकही जगली नाही. मीही शेणपाणीच दिलं होतं. आमचे दादा द्यायचे, म्हणून.” मग बोटं मुळावर तशीच ठेवून, “हे मी कुणाला सांगितलेलं नाही.”

पाडलेल्या आंब्याचं बोलणं निघालं नाही. मी काढलं नाही, त्यांनी काढलं नाही.

“इथे हवा नाही तिला,” बाई म्हणाल्या. “ऊन चढायच्या आत घेऊन जा. पण त्याआधी जरा खिडकीत धर. बाहेर. वारा लागू दे.”

खिडकीला जाळी होती, ती भाचीने सरकवली. मी फांदी दोन्ही हातांनी खिडकीबाहेर धरली. चिंचेची फांदी, वजनाला चांगलीच. खाली रस्त्यावर एक रिक्षावाला वर बघत उभा राहिला. समुद्राकडून थोडा वारा येत होता आणि लोंबणारी मुळं हलत होती. माझे दंड भरून आले. मागे वळून पाहिलं तर बाईंचा डोळा लागला होता, तोंड खिडकीकडे, आणि वास आत येत होता.

फांदी आत घेतली असती तरी त्यांना कळलं नसतं. भाची दोनदा म्हणाली, “अहो, ठेवा आता.” मी तिच्यावर खेकसलो, आणि धरून उभा राहिलो.